वाचकांचे प्रश्न : ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग पहिल्यांदा शिकवताना

विदर्भाच्या ग्रामीण भागातून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती, म्हणजे ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंगभोवती, फिरणारी आहेत. या पद्धतीत प्रोग्राम ऑब्जेक्ट्सचा बनतो : ऑब्जेक्ट म्हणजे स्वतःची माहिती (व्हेरिएबल्स) आणि स्वतःची कामे (मेथड्स) एकत्र बाळगणारा घटक, आणि क्लास म्हणजे असे ऑब्जेक्ट ज्यावरून तयार होतात तो आराखडा. तीन अध्यापकांची आणि एका विद्यार्थ्याचे अशी ही पत्रे थोडी संक्षिप्त करून उत्तरांसह एकत्र देत आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या प्रश्नांची मुळे त्यातच आहेत.

प्रश्न : मी बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला हा विषय शिकवते. बहुतेक विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेले आहेत. एन्कॅप्सुलेशन (माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बांधणे), अ‍ॅब्स्ट्रॅक्शन (अनावश्यक तपशील झाकणे), इनहेरिटन्स (एका क्लासपासून दुसरा क्लास काढणे) आणि पॉलिमॉर्फिझम (एकाच विनंतीला प्रत्येक ऑब्जेक्टने आपापल्या परीने उत्तर देणे) यांच्या व्याख्या त्यांना तोंडपाठ असतात, परंतु कोरा कागद देऊन एक क्लास लिहायला सांगितला की ते थबकतात. लिहिलाच, तर त्या क्लासमध्ये काही व्हेरिएबल्स आणि त्यांत किंमत ठेवणाऱ्या किंवा त्यांतून किंमत वाचणाऱ्या मेथड्स एवढेच असते. सुरुवात नेमकी कोठून करावी?
— एक अध्यापिका, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आपल्या पत्रातील शेवटचे निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटले. किंमत ठेवणाऱ्या आणि वाचणाऱ्या मेथड्सच तेवढ्या लिहिणारा विद्यार्थी ऑब्जेक्टला माहितीची एक नोंद समजत असतो. ऑब्जेक्ट स्वतः काही काम करतो, स्वतःच्या स्थितीची जबाबदारी घेतो आणि नियमाविरुद्धची विनंती नाकारू शकतो, हे त्याने कधी पाहिलेलेच नसते. व्याख्या पाठ करून ही उणीव भरून निघणार नाही, कारण व्याख्येतला प्रत्येक शब्द एखाद्या अनुभवाला दिलेले नाव असतो आणि तो अनुभव विद्यार्थ्याच्या पदरी अजून आलेला नसतो. म्हणून माझे ठाम मत असे आहे की पहिल्या काही तासांत विद्यार्थ्याला क्लास लिहायला सांगूच नये. आधी त्याला तयार ऑब्जेक्ट वापरू द्यावेत.

यासाठी पायथॉन या भाषेतील टर्टल, म्हणजे पडद्यावर कासव चालवून चित्र काढणारे, मॉड्यूल मला सर्वांत सोयीचे वाटते. ते पायथॉनच्या मूळ संचातच येते, त्यामुळे वेगळे काही उतरवून घ्यावे लागत नाही आणि इंटरनेटशिवायही ते चालते. त्याचे कूळ १९६७ साली शाळकरी मुलांसाठी तयार झालेल्या लोगो या भाषेत आहे. पहिल्या तासाला दोन कासवे तयार करावीत, एक लाल आणि एक हिरवे. दोन्ही कासवे पडद्याच्या मध्यबिंदूवर एकमेकांवर उभी राहतात, म्हणून एकाला डावीकडे वळवून थोडे चालवावे आणि दोन्ही स्वतंत्र दिसू लागली की खऱ्या कामाला लागावे. लाल कासवाला शंभर पावले पुढे जायला सांगण्यापूर्वी विद्यार्थ्यांना वहीत लिहायला लावावे : हिरवे हलेल का? लालचे नवे स्थान काय असेल? हिरव्याचा रंग बदलला तर लालचा बदलेल का? अंदाज वहीत लिहिल्यानंतरच प्रोग्राम चालवावा. आधी लिहिलेला अंदाज चुकल्याचे डोळ्यांसमोर दिसते तेव्हा विद्यार्थी प्रश्न विचारू लागतो, आणि त्या प्रश्नाला दिलेले उत्तर त्याच्या लक्षात राहते.

त्याच तासात आणखी एक गोष्ट करावी. लाल कासवाला एक तिसरे नाव द्यावे, म्हणजे नवा व्हेरिएबल घेऊन त्यात लाल कासवाचा व्हेरिएबल ठेवावा, आणि वर्गाला विचारावे की पडद्यावर आता किती कासवे आहेत. तीन असे उत्तर देणारे विद्यार्थी निघतीलच. मग तिसऱ्या नावाने आज्ञा द्यावी. लाल कासव चालू लागते. व्हेरिएबलचे नाव म्हणजे ऑब्जेक्ट नव्हे आणि एकाच ऑब्जेक्टला दोन नावे असू शकतात, ही या विषयातील सर्वांत अवघड गोष्ट येथे एका हालचालीत दिसून जाते. फळ्यावर समजावताना ती तासन्‌तास निसटत राहते.

यानंतर क्लास लिहिण्याकडे वळावे, आणि त्यासाठी जिथे चुकीला परिणाम असतो असा विषय निवडावा. आपल्या परिसरात मला वजनपावती हा विषय उत्तम वाटतो. हंगामात कापसाची गाडी धर्मकाट्यावर आधी भरलेली तोलली जाते, जिनिंगमध्ये कापूस खाली झाल्यावर रिकामी तोलली जाते आणि दोन वजनांतील फरक हे निव्वळ वजन ठरते. भरलेली गाडी ३,१५० किलो आणि रिकामी १,७२० किलो असेल तर निव्वळ वजन १,४३० किलो, म्हणजे १४.३० क्विंटल. आपल्या वर्गातील अनेक विद्यार्थी अशा काट्याशेजारी उभे राहिलेले असतील आणि पावतीवरचा आकडा चुकला तर घरी काय होते हेही त्यांना ठाऊक असेल. म्हणून त्यांनाच विचारावे की या पावतीत कोणत्या गोष्टी घडता कामा नयेत. उत्तरे भराभर येतील : रिकाम्या गाडीचे वजन भरलेल्यापेक्षा अधिक असू नये, रिकामी गाडी तोलण्यापूर्वी कोणी निव्वळ वजन मागितले तर ते देता येऊ नये, आणि एकदा नोंदवलेले वजन नंतर कोणाला बदलता येऊ नये.

ही वाक्ये फळ्यावर तशीच राहू द्यावीत आणि मग विचारावे की हे नियम प्रोग्राममध्ये लिहायचे कोठे. मुख्य प्रोग्राममध्ये लिहिले, तर पावती वापरणाऱ्या प्रत्येक नव्या प्रोग्रामने ते आठवणीने पुन्हा लिहिले पाहिजेत आणि एकजण जरी विसरला तरी चुकीची पावती तयार होईल. वजनपावतीच्या क्लासमध्ये लिहिले, तर ते एकदाच लिहावे लागतील आणि प्रत्येक पावती स्वतःचे नियम स्वतः सांभाळेल. हा निर्णय विद्यार्थ्यांकडून येऊ द्यावा. तो आला की कन्स्ट्रक्टर, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होतानाच चालणारी मेथड, का हवा हे सांगावे लागत नाही, कारण भरलेल्या वजनाशिवाय पावती जन्मालाच येऊ नये हे त्यांनीच ठरवलेले असते. व्हेरिएबल प्रायव्हेट, म्हणजे क्लासबाहेरून हात न लावता येणारा, का ठेवायचा हेही त्यातूनच निघते. भरलेले वजन नंतर बदलणारी मेथड लिहायची का, असा प्रश्न एखादा विद्यार्थी विचारील, कारण प्रत्येक व्हेरिएबलसाठी किंमत ठेवणारी आणि वाचणारी अशी जोडी लिहायची सवय त्याला लागलेली असते. त्याला उलट विचारावे की ती मेथड कोणाला लागणार आहे. कोणालाच लागणार नसेल तर ती लिहू नये. सर्व व्हेरिएबल्स प्रायव्हेट करून प्रत्येकासाठी बदलणारी मेथड उघडी ठेवली, तर दार बंद करून खिडकी सताड उघडी ठेवल्यासारखे होते, आणि आपल्या विद्यार्थ्यांचे क्लास नेमके येथेच पोकळ होतात.

जावात शिकवत असाल तर एक बारकावा सांगण्यासारखा आहे. प्रायव्हेटची सीमा क्लासभोवती असते, एकेका ऑब्जेक्टभोवती नसते. एका पावतीच्या मेथडला दुसऱ्या पावतीचे प्रायव्हेट वजन वाचता येते. पायथॉनमध्ये तर ही सीमा बरीचशी संकेताची आहे, नावाआधी अधोरेखा दिली की बाहेरच्यांनी तिकडे जाऊ नये असा शिष्टाचार पाळला जातो. हे स्पष्टपणे सांगावे, नाहीतर विद्यार्थी त्याला सुरक्षेची व्यवस्था समजतात.

पॉलिमॉर्फिझमकडे जाताना हाच विषय पुढे न्यावा. हमीभावाच्या कापूस खरेदीत ८ टक्के ओलावा आधार धरतात, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत दर कमी होत जातो आणि त्याहून अधिक ओलावा असलेला कापूस घेतला जात नाही. सोयाबीनला १२ टक्क्यांची सर्वसाधारण मर्यादा असते. विद्यार्थ्यांना प्रथम जर-तर वापरूनच हा हिशेब लिहू द्यावा : माल कापूस असेल तर असे, सोयाबीन असेल तर तसे. मग त्यात तूर घालायला सांगावे. माल स्वीकारताना, रक्कम काढताना आणि पावती छापताना अशा तिन्ही जागी त्यांना तेच जर-तर शोधून बदलावे लागेल आणि कोणाची तरी एक जागा हमखास सुटेल. तो त्रास झाल्यावर प्रत्येक मालाला स्वतःचा क्लास देऊन सर्वांना एकच प्रश्न विचारायचा, ‘तुझी देय रक्कम किती?’, आणि प्रत्येकाने आपापल्या नियमाने उत्तर द्यायचे, ही कल्पना विद्यार्थ्याला स्वतःच्या अडचणीवरचा उपाय म्हणून भेटते.

इनहेरिटन्स मी शेवटी ठेवतो, आणि तेही थोडेच. कुत्रा भुंकतो, मांजर म्याव करते आणि दोघेही प्राणी आहेत, हे उदाहरण पाठ्यपुस्तकांत सर्वत्र आढळते, परंतु त्यात सांभाळायची स्थिती नाही, नियम नाही आणि प्रोग्राम चुकला तरी काही बिघडत नाही. त्यातून विद्यार्थी एवढेच शिकतो की दुसऱ्या क्लासमधील गोष्टी फुकट मिळवण्यासाठी इनहेरिटन्स वापरतात. मग वजनपावतीला गाडीचा क्रमांक हवा म्हणून तो पावतीचा क्लास गाडीच्या क्लासपासून वारसाहक्काने काढतो. पावती ही गाडी आहे का, असे विचारले की तो हसतो आणि चूक दुरुस्त करतो. पावतीजवळ गाडी असते, म्हणजे गाडीचा ऑब्जेक्ट पावतीच्या आत ठेवायचा. अशी रचना आधी पक्की करावी. १९८७ साली बार्बरा लिस्कोव्ह यांनी एका परिषदेतील भाषणात मांडलेली कसोटी विद्यार्थ्यांना सोप्या शब्दांत देता येते : जिथे मूळ क्लासचा ऑब्जेक्ट चालतो तिथे त्यापासून काढलेल्या क्लासचा ऑब्जेक्ट ठेवला तर काम बिघडू नये. बिघडत असेल तर वारसा चुकीचा आहे.

परीक्षेची आपली अडचण खरी आहे आणि ती मी टाळत नाही. प्रश्नपत्रिकेत चार वैशिष्ट्ये विचारली जातात, तेव्हा व्याख्या लिहिता आल्याच पाहिजेत. त्या सत्राच्या शेवटच्या आठवड्यांत घ्याव्यात आणि प्रत्येक व्याख्येखाली विद्यार्थ्याने स्वतःच्या वजनपावतीतील नेमकी मेथड किंवा ओळ उदाहरण म्हणून लिहावी. व्हायवातही त्याला याच ओळींचा आधार मिळतो.

प्रश्न : आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत अजूनही निळ्या पडद्याचे टर्बो सी++ वापरले जाते. काही सहकारी म्हणतात की पाया सी++ नेच पक्का होतो, काही जावाचा आग्रह धरतात आणि नवे अध्यापक पायथॉन सुचवतात. ऑब्जेक्टची सुरुवात कोणत्या भाषेतून करावी?
— एक अध्यापक, अचलपूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : या वादात पडण्यापूर्वी ऑब्जेक्ट ही कल्पना कोठून आली ते पाहणे उपयोगी आहे. नॉर्वेतील ओस्लो येथे ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी १९६० च्या दशकात सिम्युला ही भाषा तयार केली आणि तिच्या १९६७ च्या रूपात क्लास, ऑब्जेक्ट आणि वारसा या तिन्ही कल्पना आल्या. त्यांना खऱ्या जगातील व्यवहारांची संगणकावर नक्कल करायची होती, आणि तशा व्यवहारात अनेक गोष्टी आपापली स्थिती सांभाळत एकमेकींशी काम करत असतात. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक ही भाषा घडवली, आणि ती घडत असतानाच शाळकरी मुलांना शिकवून पाहिली. के यांचा भर ऑब्जेक्टनी एकमेकांना पाठवलेल्या संदेशांवर होता. ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी सी भाषेत क्लासेस आणण्याचे काम १९७९ मध्ये सुरू केले, १९८३ मध्ये त्या भाषेला सी++ हे नाव मिळाले, आणि जावा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे कल्पना आपल्या तिन्ही भाषांहून जुनी आहे आणि ती कोणत्याही एका भाषेची मिरास नाही.

तरीही भाषांमधील फरक नवशिक्याला जाणवतात. सी++ मध्ये ऑब्जेक्टबरोबरच पॉइंटर (मेमरीतील जागेचा पत्ता ठेवणारा व्हेरिएबल), मेमरीचे वाटप आणि ती परत करण्याची जबाबदारी या गोष्टी लवकर अंगावर येतात. जावात पहिला प्रोग्राम लिहिण्यासाठीच पब्लिक, स्टॅटिक, व्हॉइड यांसारखे शब्द अर्थ न सांगता लिहून घ्यावे लागत होते. २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ पासून छोट्या प्रोग्रामसाठी ती सक्ती उरलेली नाही, परंतु आपल्याकडील अभ्यासक्रम आणि प्रयोगशाळा तेथवर पोहोचण्यास वेळ लागेल. पायथॉनमध्ये सुरुवात सुलभ होते, मात्र प्रत्येक मेथडमध्ये पहिला म्हणून लिहावा लागणारा सेल्फ हा शब्द विद्यार्थ्यांना अडतो. लाल कासवाला आज्ञा दिली तेव्हा सेल्फ म्हणजे लाल कासव आणि हिरव्याला दिली तेव्हा हिरवे, इतके सांगितले की बहुतेकांची अडचण सुटते.

टर्बो सी++ मात्र सोडावे, असे मी निःसंकोचपणे सांगेन. ते १९९० च्या दशकाच्या आरंभी डॉससाठी तयार झाले आणि सी++ चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण १९९८ मध्ये झाले. त्यामुळे त्यात सत्य-असत्य ठेवणारा बूल हा साधा प्रकारही नाही, हेडर फाइल्सची नावे जुनी आहेत आणि मुख्य फंक्शनपुढे व्हॉइड लिहिण्याची जी सवय तेथे लागते ती आजचे अनेक कंपायलर (प्रोग्राम यंत्राला कळेल असा बदलून देणारी साधने) चूक ठरवतात. आजच्या चौसष्ट बिटच्या विंडोजवर ते डॉसची नक्कल करणाऱ्या डॉसबॉक्सच्या आधारानेच चालवावे लागते. सी++ ठेवायचीच असेल तर कोडब्लॉक्स हे मोफत साधन कंपायलरसह एकदाच उतरवून पेनड्राइव्हने सर्व संगणकांवर बसवता येते आणि त्यानंतर इंटरनेट लागत नाही.

जावा शिकवणाऱ्यांनी ब्लूजे हे साधन अवश्य पाहावे. मायकेल कोलिंग आणि जॉन रोझेनबर्ग यांनी ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात ते शिकवण्यासाठीच विकसित केले. त्यात क्लास चौकोनाच्या रूपात दिसतो, त्यावर माउसची उजवी कळ दाबून ऑब्जेक्ट तयार करता येतो, तो ऑब्जेक्ट पडद्याच्या तळाशी दिसू लागतो आणि मुख्य प्रोग्राम न लिहिता त्याची एकेक मेथड चालवून आतली स्थिती उघडून पाहता येते. पहिल्या उत्तरात कासवांबाबत जे सुचवले ते जावात करण्याचा हा सरळ मार्ग आहे.

मराठी माध्यमाच्या मुलांसाठी एक सूचना जोडतो. पायथॉन ३ आणि जावा या दोन्ही भाषांमध्ये क्लास, व्हेरिएबल आणि मेथड यांची नावे देवनागरीत लिहिता येतात, केवळ भाषेचे राखीव शब्द इंग्रजी राहतात. सुरुवातीच्या तासांत वजनपावती, निव्वळवजन अशी नावे देवनागरीत दिली, तर कोणते शब्द भाषेचे आणि कोणते आपण ठरवलेले हे विद्यार्थ्याला एका नजरेत कळते. परीक्षेच्या आणि नोकरीच्या दृष्टीने पुढे रोमन लिपीतील नावांकडे जावेच लागते, म्हणून ही सोय काही आठवड्यांपुरती ठेवावी.

प्रश्न : बारावीला मी सी++ शिकलो आणि आता पदवीला जावा आहे. जावात मी एक ऑब्जेक्ट दुसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि दुसऱ्यात बदल केला, तर पहिलाही बदलला. सी++ मध्ये असे होत नव्हते. शिवाय दोन ऑब्जेक्ट्समध्ये सगळी माहिती सारखी असूनही दोन बरोबर चिन्हांनी तुलना केली की उत्तर असत्य येते. माझे काय चुकते आहे?
— बीएस्सी द्वितीय वर्षाचा विद्यार्थी, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : तुम्ही दोन भाषांमधील फरक स्वतः शोधून काढला आहे, आणि तो नेमका मांडलाही आहे. सी++ मध्ये ऑब्जेक्टचा साधा व्हेरिएबल म्हणजे तो ऑब्जेक्टच असतो, त्यामुळे एक दुसऱ्यात ठेवला की आतली माहिती उतरवली जाऊन स्वतंत्र दुसरा ऑब्जेक्ट राहतो. जावात आणि पायथॉनमध्ये व्हेरिएबलमध्ये ऑब्जेक्ट नसतो, त्याच्याकडे नेणारा निर्देश असतो. एक व्हेरिएबल दुसऱ्यात ठेवला की तो निर्देश उतरवला जातो आणि दोन्ही नावे एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवू लागतात. सी++ मध्ये पॉइंटर वापरला असता तर तेथेही तुम्हाला हेच दिसले असते.

वहीत चित्र काढायची सवय लावून घ्या. डाव्या बाजूला व्हेरिएबल्सची नावे लिहा, उजवीकडे ऑब्जेक्ट्सचे चौकोन काढा आणि प्रत्येक नावापासून चौकोनापर्यंत बाण काढा. प्रोग्राममध्ये न्यू हा शब्द आला तरच नवा चौकोन काढायचा, आणि एक व्हेरिएबल दुसऱ्यात ठेवल्याची ओळ आली की केवळ बाण वळवायचा. मेथडला ऑब्जेक्ट पाठवला जातो तेव्हाही बाणच पोहोचतो. म्हणून मेथडने त्या ऑब्जेक्टमध्ये केलेला बदल बाहेर दिसतो, पण मेथडने आपला बाण दुसऱ्या चौकोनाकडे वळवला तर बाहेरचा बाण जागचा हलत नाही.

तुलनेचेही उत्तर याच चित्रात आहे. जावातील दोन बरोबर चिन्हे ऑब्जेक्ट्सच्या बाबतीत दोन्ही बाण एकाच चौकोनाकडे जातात का, एवढेच तपासतात. आतली माहिती सारखी आहे का हे विचारण्यासाठी इक्वल्स ही मेथड आहे, परंतु तुम्ही स्वतः लिहिलेल्या क्लासमध्ये ती नव्याने लिहिली नाही तर तीसुद्धा बाणच तपासते. कोणत्या गोष्टी सारख्या असल्या म्हणजे दोन ऑब्जेक्ट समान मानायचे, हे जावाला ठाऊक नसते आणि ते तुम्हालाच ठरवायचे असते. ती मेथड लिहाल तेव्हा हॅशकोड ही मेथडही तिच्याशी जुळती लिहा, नाहीतर हॅशमॅपमध्ये (हॅशकोडच्या आधारे वस्तू शोधून देणाऱ्या संग्रहात) ठेवलेला ऑब्जेक्ट नंतर सापडणार नाही. मजकुराच्या स्ट्रिंगबाबत विशेष सावध राहा. प्रोग्राममध्ये थेट लिहिलेल्या सारख्या स्ट्रिंग्ज जावा एकाच जागी ठेवते, म्हणून दोन बरोबर चिन्हांची तुलना तेथे सत्य येते आणि हीच पद्धत बरोबर आहे असा समज होतो. वापरणाऱ्याने टाइप केलेली स्ट्रिंग आली की तोच प्रोग्राम चुकतो. पायथॉनमध्ये हे काम उलट वाटून दिलेले आहे : तेथे दोन बरोबर चिन्हे माहितीची समानता विचारतात आणि इज हा शब्द एकाच ऑब्जेक्टविषयी विचारतो, मात्र स्वतःच्या क्लाससाठी समानता ठरवून द्यावी लागते ती तेथेही तशीच.

प्रश्न : आमच्याकडे साठ विद्यार्थी आणि चालू स्थितीतील बारा संगणक आहेत. दुपारी वीज जाते तेव्हा प्रॅक्टिकल बुडते. अशा परिस्थितीत हा विषय प्रत्यक्ष कृतीतून कसा शिकवावा?
— एक अध्यापक, आरमोरी तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : हा विषय संगणकाविना शिकवण्याची पद्धत तज्ज्ञांनी मुद्दाम तयार केलेली आहे, त्यामुळे आपल्या अडचणीवरचा हा उपाय दुय्यम प्रतीचा मानू नये. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८९ मध्ये ऑब्जेक्टच्या दृष्टीने विचार करायला शिकवण्यासाठी कार्डांची पद्धत मांडली. चार इंच बाय सहा इंचांच्या एका कार्डावर एकच क्लास लिहायचा : वर नाव, डाव्या बाजूला त्याच्या जबाबदाऱ्या आणि उजव्या बाजूला ज्यांची मदत घ्यावी लागते त्या क्लासेसची नावे. कार्ड लहान असते हाच त्याचा मोठा गुण आहे, कारण जबाबदाऱ्या कार्डावर मावेनाशा झाल्या की एका क्लासवर फार काम टाकले आहे हे विद्यार्थ्यालाच दिसते. कार्डे विकत घेण्याची गरज नाही, जर्नलच्या जुन्या पुठ्ठ्यांची कापली तरी चालतात.

कार्डे तयार झाली की ती वर्गात चालवून पाहावीत. एक विद्यार्थी काटा, दोघे-तिघे वेगवेगळ्या वजनपावत्या आणि एक जण हिशेब लिहिणारा. प्रत्येक पावती झालेल्या विद्यार्थ्याने स्वतःची वजने कार्डाच्या मागे लिहावीत आणि कार्ड छातीशी धरावे. हिशेब लिहिणाऱ्याने त्याला कार्डावरील जबाबदाऱ्यांपैकीच काही विचारायचे आणि पावतीने तेवढेच उत्तर द्यायचे. कोणी मागे डोकावून वजन वाचले तर वर्गाने हरकत घ्यावी. रिकामे वजन नोंदवण्याआधी कोणी निव्वळ वजन मागितले तर पावतीने नकार द्यावा. काही प्रश्न असे निघतील की ज्यांचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणत्याच कार्डावर नाही, तेव्हा खेळ थांबवून ती कोणाकडे द्यावी याची चर्चा करावी. या चर्चेला घाई करू नये. रचनेचे खरे शिक्षण तेथेच होते, आणि संगणकासमोर बसलेला विद्यार्थी सहसा तेवढा वेळ थांबत नाही.

वीज नसतानाच्या वेळेसाठी आणखी एक प्रकार उपयोगी आहे. पंधरा-वीस ओळींचा बरोबर प्रोग्राम छापून त्याच्या ओळी कापून विस्कटून द्याव्यात आणि विद्यार्थ्यांनी त्या योग्य क्रमाने लावाव्यात. कोणती ओळ क्लासच्या आत, कोणती मेथडच्या आत आणि कोणती बाहेर, हे ठरवताना नवशिक्यांचे बरेच गैरसमज उघड होतात. दोन-तीन चुकीच्या ओळी मिसळल्या तर काम अधिक कठीण होते.

बारा संगणकांवर साठ विद्यार्थी म्हणजे एका संगणकामागे पाच, आणि पाचांत दोघेच काम करतात हा सर्वांचा अनुभव आहे. म्हणून तुकडीचे दोन भाग करावेत. एक भाग कार्डांवर काम करत असताना दुसरा संगणकांवर असावा, म्हणजे एका संगणकाशी दोघे किंवा तिघेच राहतील, आणि कळफलक हाताळणारा दर पंधरा मिनिटांनी बदलावा. संगणक जुने असतील तर थॉनी हे एस्टोनियातील टार्टू विद्यापीठात तयार झालेले मोफत साधन बसवावे. त्यात पायथॉन सोबतच येते, प्रोग्राम एकेक पायरीने चालवता येतो आणि ऑब्जेक्टची आतली स्थिती पाहता येते. विंडोज ७ वर चालणारी पायथॉनची शेवटची मालिका ३.८ आहे, तेव्हा तशा संगणकांसाठी ३.८ वर आधारलेली आवृत्तीच उतरवावी, नाहीतर ती बसणार नाही. ज्या विद्यार्थ्यांकडे अँड्रॉइड मोबाइल आहे त्यांना पायड्रॉइड ३ वर इंटरनेटशिवाय पायथॉन चालवता येते, मात्र मोबाइलवर लांब क्लास टाइप करायला लावू नये. तयार क्लास देऊन त्याचे ऑब्जेक्ट बनवणे, अंदाज लिहिणे आणि तपासणे एवढेच काम त्यावर द्यावे.

जर्नलमध्ये प्रत्येक प्रॅक्टिकलसोबत ते कार्ड चिकटवून घ्यावे. मूल्यमापन करताना कार्डावरील जबाबदाऱ्या आणि प्रोग्राममधील मेथड्स जुळतात का हे तपासावे, आणि जुळत नसतील तर फरक का पडला ते विद्यार्थ्याने दोन वाक्यांत लिहावे. वीज गेल्यामुळे प्रोग्राम अपुरा राहिला असेल तरी कार्ड आणि ही दोन वाक्ये पाहून त्या दिवसाचे गुण देता येतात, आणि पुढच्या तासाला त्या गटाने नवे प्रॅक्टिकल न घेता त्याच कार्डावरून प्रोग्राम पूर्ण करावा.